फरशीचं पोट

आमच्याकडे समुद्र नाही.
जहाज लांब गेलं की आधी बूड दिसेनासं होतं की शीड,
हे मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलं,
सुखदेव बोरकुटेनं तेही नाही.
म्हणून मिहानच्या साइटवर हा वाद
दोन उलट्या बादल्यांवर बसून करावा लागतो,
चहा निवेपर्यंत.

सुखदेव, टाइल्स फिटर, वीस वर्षांचा हात.
खिशातून पाणसळ काढतो, विटांच्या थप्पीवर ठेवतो.
हिरव्या पाण्यातला बुडबुडा
दोन रेघांच्या मध्ये येऊन मुकाट बसतो.
"पाह्य. सपाट हाय धरती.
मानूस खोटं बोलन, पानी नाई बोलत."

मी टॉवर क्रेनवरचा. साठ मीटरवर माझी केबिन,
जेवणाचा डबा दोरीनं वर येतो.
मी सांगतो, वरून कोराडीच्या चिमण्या दिसतात,
खाली उतरलो की धूरसुद्धा नाही.
"मधात अख्खं नागपूर हाय ना बे,
खालून काहून दिसन?"
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"आन् डोळ्याचं तं सांगूच नोको.
मे महिन्यात वर्धा रोडवर पानी दिसते तुले.
प्याला का कधी?"

मग फेब्रुवारीतला एक दिवस.
तो खाली, पश्चिमेच्या मोकळ्या माळावर,
जिथं तुरीचे खुंट आणि एक विसरलेली ताडपत्री, बाकी काही नाही.
मी वर. दोघांचे फोन चालू.
"गेला," तो म्हणाला.
"माझ्याकडे आहे अजून. नखाएवढा."
"फेकू नोको."
मी मोजायला लागलो, मोठ्यानं.
चाळिसाला तो म्हणाला, "अजून?"
साठाला काहीच म्हणाला नाही.
एकाहत्तर, बहात्तर. मग माझाही गेला.
लांब जाणाऱ्या एसटीचा दिवा
बारीक होत होत विझतो, तसा नाही.
आपल्या पूर्ण रुंदीनिशी,
कुणी खालून ओढून घ्यावा तसा.

"तू उंच होता म्हनून."
"सपाट असतं तर उंचीनं काय केलं असतं?"
फोनमध्ये वारा वाजत राहिला.
त्यानं फोन ठेवला.

आठवडाभर हा विषय निघाला नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरचा लांब व्हरांडा,
त्यानं नाही, दुसऱ्या टोळीनं बसवलेला.
सुखदेव तपासायला आला.
चप्पल काढून आडवा झाला,
गाल फरशीला लावला, एक डोळा मिटला.
पलीकडच्या टोकाला पोरानं खडू उभा केला.
"अर्धाच दिसून राह्यला खडू. बूड नाई दिसत.
मधात पोट हाय. उखडा."

आणि उठला नाही.
पोरगं खडू हातात धरून थांबलं.
मी जिन्यात उभा होतो, मीही काही बोललो नाही.
जिंकल्यासारखं तोंड होऊ नये म्हणून
हेल्मेटचा पट्टा सोडत-बांधत राहिलो.

बऱ्याच वेळानं, गाल तसाच फरशीवर:
"मंग बुडबुडा? तो खोटा का?"

नाही रे. तो त्या-त्या जागेपुरता खरा.
तुझा ओळंबा बघ. इथं सरळ खाली जातो.
गुवाहाटीतल्या गवंड्याचाही सरळ खाली जातो.
पण दोन दोऱ्या समांतर नाहीत.
शहरातल्या त्या झिरो माइलच्या दगडाला
सगळ्या गावांची अंतरं ठाऊक,
पण ओळंबे त्याच्याकडे बघत नाहीत.
ते बघतात आणखी खाली,
जिथं कुणी दगड रोवलेला नाही.

तो उठून बसला. गालावर
दोन टाइल्समधल्या सांध्याची रेघ उमटली होती.
"म्हंजे दोन भिंती एकदम सरळ उचलल्या
तं वर जाऊन फाकतीन?"
"केसाएवढ्या. त्याहून कमीच."
त्यानं छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"इंजिनियरले नोको सांगू," म्हणाला,
"बिल अडकवन."
आणि छिन्नी मागितली.